पावसाळी संध्याकाळचे स्वयंपाकघर: डिजिटल चित्रात रंग आणि नित्याच्या वस्तूंतून वातावरण कसे उभे करावे

कोकणातले जुने स्वयंपाकघर दाखवायचे म्हणजे चूल, तांब्याचा हंडा, पितळी तांब्या, पाटा-वरवंटा आणि फुंकणी एवढ्या वस्तू नीट काढल्या की काम झाले, अशी माझी सुरुवातीला समजूत होती. मुलांच्या पुस्तकासाठी केलेल्या माझ्या पहिल्या मोठ्या चित्रात या सगळ्या वस्तू होत्या. प्रत्येकीचा आकार बरोबर होता, पितळ पिवळे होते, तांबे तांबडे होते, भिंत गेरूच्या रंगाची होती. तरीही बाहेर पाऊस पडतो आहे आणि आत कोणी राहते आहे, असे ते चित्र पाहून कोणालाही वाटले नसते. वस्तू मांडून ठेवलेल्या दिसत होत्या, वापरातल्या दिसत नव्हत्या. प्रत्येक वस्तूला मी तिचा स्वतःचा रंग दिला होता आणि त्या घटकेचा प्रकाश मात्र एकीलाही दिला नव्हता, हे पुष्कळ नंतर लक्षात आले.

तेच चित्र पहिल्यापासून पुन्हा कसे करावे, ते येथे क्रमाने सांगते. मी क्रिता हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरते. पण येथे सांगितलेले लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग दिसू देणारे झाकण) आणि ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्या थरात कसा मिसळावा हे ठरवणारी सोय) प्रोक्रिएट, फोटोशॉप आणि क्लिप स्टुडिओ पेंट यांतही आहेत, त्यामुळे साधन कोणते हा प्रश्न गौण आहे. कॅनव्हास ए-४ आकाराचा, ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० बिंदू), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा घेतला आहे.

आधी घटका ठरवावी

कॅनव्हास उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहून घ्यावे. माझे वाक्य असे आहे: आषाढातली संध्याकाळ आहे, पावणेसात वाजले आहेत, बाहेर संततधार लागली आहे, वीज गेली आहे, चुलीवर भात रटरटतो आहे, आणि भात लावणारी बाई मागचे दार तसेच उघडे टाकून गोठ्यात गेली आहे. या वाक्यातला प्रत्येक तुकडा चित्रातला एकेक प्रश्न सोडवतो. आषाढ म्हटल्यावर बाहेरचा प्रकाश ढगांतून गाळून आलेला, मऊ आणि निळसर ठरतो. पावणेसात म्हटल्यावर सूर्य अजून मावळलेला नाही, पण ढगांमुळे घरात दिवेलागण झाली आहे, हे कळते. वीज गेली म्हणताच बल्बचा प्रकाश बाद होतो. बाई गोठ्यात गेली आहे, म्हणजे चित्रात माणूस नाही. तिचा हात नुकताच येथून फिरून गेला आहे हे वस्तूंनीच सांगायचे आहे.

आता प्रकाशाचे दोनच उगम उरतात: दार आणि चूल. यांच्या रंगातला फरक किती मोठा आहे हे आकड्यांत पाहिले तर हात धीट होतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीची किंवा लाकडाची ज्योत सुमारे १९०० केल्विनच्या आसपास असते, जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, आणि ढगाळ आकाशाचा प्रकाश सुमारे ६५०० ते ७५०० केल्विनचा असतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश तांबूस; जितका मोठा, तितका निळसर. आपले डोळे या फरकाशी पटकन जुळवून घेतात, म्हणून प्रत्यक्ष खोलीत बसलेल्या माणसाला तो इतका तीव्र जाणवत नाही. चित्रकाराला मात्र तो मुद्दाम शोधावा लागतो.

मोबाइलवर काढलेली संदर्भ-छायाचित्रे येथे फसवतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते. कॅमेरा आपणहून व्हाइट बॅलन्स साधतो, म्हणजे पावसाळी निळसरपणा पुसून टाकतो, आणि अंधाऱ्या खोलीचे छायाचित्र उजळ करून देतो. परिणामी ज्या दोन गोष्टींसाठी आपण छायाचित्र काढले त्याच त्यातून निघून जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स ऊन किंवा डेलाइट या खुणेवर कायम करावा आणि एक्स्पोजर दोन पायऱ्या खाली आणावे. त्याहून चांगले म्हणजे त्या खोलीत दहा मिनिटे नुसते बसावे आणि कोणती वस्तू आधी दिसेनाशी होते हे वहीत टिपून ठेवावे. माझ्या वहीत सगळ्यात आधी दिसेनासे झालेले शिंकाळे आहे आणि सगळ्यात शेवटपर्यंत दिसत राहिलेला घडवंचीवरच्या कळशीचा काठ आहे. चित्रातही तोच क्रम ठेवला.

काळ्या-पांढऱ्यात मांडणी

रंगाकडे जाण्याआधी जेमतेम ३०० पिक्सेल रुंदीची पाच-सहा कच्ची चित्रे फक्त तीन छटांत करावीत: गडद, मध्यम, उजळ. पेन्सिलसारखा बारीक ब्रश घेऊ नये. जाड, कडक कडेचा ब्रश घ्यावा, म्हणजे तपशिलात शिरण्याचा मोह होत नाही. या चित्रात दोन-तृतीयांश भाग गडद आहे, दाराची उभी चौकट उजळ आहे आणि चुलीजवळचा भाग मध्यम आहे, त्यात ज्योतीचा एक लहानसा उजळ तुकडा आहे. एवढ्या छोट्या आकारात चित्र वाचता आले नाही, तर पुढे कितीही रंग भरले तरी ते वाचता येणार नाही.

रंग

मराठीत रंगांची नावे बहुतेक वस्तूंवरून पडली आहेत. पारवा रंग पारव्याच्या पंखांचा, तपकिरी रंग नाकात ओढायच्या तपकिरीचा, आमसुली रंग आमसुलाचा, विटकरी विटेचा, राखाडी राखेचा, शेवाळी शेवाळाचा, अंजिरी अंजिराचा. साडीच्या दुकानात ही नावे आजही रोज उच्चारली जातात. डिजिटल चित्रकाराला या नावांचा फार मोठा उपयोग आहे, असे माझे अनुभवाचे मत आहे. रंगपेटीतल्या प्रत्येक चौकोनाला मी असे नाव देते, कारण ‘निळा-करडा क्रमांक तीन’ असे लिहिले की तो रंग कुठेही चालतो, पण ‘पारवा’ लिहिले की त्याच्यासोबत एक पोत येतो, एक ओलसर उबदारपणा येतो आणि तो कुठे लावू नये हेही कळते. मुख्य रंग पाच ठेवावेत, जास्त नकोत. या चित्रासाठी मी ठरवलेले रंग, ह्यू (रंगाची जात, अंशांत), सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता, शेकड्यात) आणि ब्राइटनेस (उजळपणा, शेकड्यात) या क्रमाने, पुढीलप्रमाणे आहेत.

दारातून दिसणारे आकाश आणि त्याचा प्रकाश पारवा आहे: २१०, १५, ७५. आतल्या सावलीतली भिंत ओल्या राखेसारखी आहे: २२०, १८, ३०. वासे, तुळई आणि चुलीमागची भिंत यांवर काजळी आहे, आणि ती निव्वळ काळी नाही: २४०, २०, १४. जांभ्या दगडाची चौकट आमसुलाकडे झुकणारी विटकरी आहे: १२, ३०, ३६. आणि निखारा: २८, ८५, ९८.

जांभ्याचा आकडा जरा थांबून पाहावा, कारण सगळी मेख तिथे आहे. उन्हात पाहिलेला जांभा साधारण १५, ६०, ६० असा येतो, आणि आपल्या मनात ‘जांभा म्हणजे तांबडा’ हे इतके पक्के असते की हात आपोआप तिकडेच जातो. पावसाळी संध्याकाळी त्या दगडावर पडणाऱ्या प्रकाशात तांबडा भाग कमी असतो आणि एकूण प्रकाशच थोडा असतो, म्हणून दगडाचे सॅच्युरेशन निम्म्यावर येते आणि ब्राइटनेसही बराच उतरतो. हा रंग एकटा पाहिला तर मळकट तपकिरी वाटतो. शेजारी पारवा आकाश आले की तोच तांबडा दिसू लागतो. त्या क्षणी तो आणखी तांबडा करण्याची घाई करू नये.

शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसणे हा केवळ चित्रकारांचा अनुभव राहिला नाही, त्याचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल-यूजेन शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली होती की निळ्या आणि जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा येत नाही. त्यांनी धागे तपासले तेव्हा रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. या निरीक्षणांतून मांडलेला सिद्धांत त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केला. आपल्या चित्रात त्याचा उपयोग असा की राखाडी भिंतीला फार निळी करावी लागत नाही. चुलीतला नारिंगी रंग एकदा ठेवला की सॅच्युरेशन १८ असलेली भिंत डोळ्याला पुरेशी निळी भासते. सॅच्युरेशन ४० वर नेलेली भिंत चित्रपटाच्या जाहिरातीसारखी दिसते, आणि मग पावसाचा उदास गारवा जाऊन नुसता भडकपणा उरतो.

निखाऱ्याचा रंग चित्राच्या विसाव्या हिश्शाहून जास्त जागेवर नसावा. लहान उगमाचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथा हिस्सा उरतो, म्हणजे चुलीपासून एक हातावरचा पाट उजळला असेल, तर दोन हातांवरच्या डब्यावर त्याच्या पावच प्रकाश पोचतो आणि चार हातांवरच्या घडवंचीपर्यंत तो जवळजवळ येतच नाही. नवशिक्या चित्रकाराच्या चित्रात सगळी खोली नारिंगी होते, ती या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. दार मात्र मोठे असते, त्याचा प्रकाश हळूहळू उतरतो, त्यामुळे जमिनीवर त्याची लांबट, मऊ कडेची पट्टी काढावी.

एकाच ज्योतीवर चित्र कसे पेलते याचा धडा घ्यायचा असेल, तर सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात असलेले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. हे काम जलरंगातले आहे. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटे कडेला तांबूस झाली आहेत, कारण प्रकाश कातडीत शिरून बाहेर येतो, आणि ज्योतीपासून दूर जाताना चेहरा, पदर आणि पार्श्वभूमी पायरीपायरीने विझत जातात. जलरंगात ती पायरी चुकली की परत फिरता येत नाही. आपल्याला अनडू (केलेले मागे घेण्याची सोय) आहे, पण म्हणून त्या पायऱ्या आपण बेफिकिरीने टाकू नयेत.

वस्तू

पहिल्या चित्रात अकरा वस्तू होत्या. या वेळी सहा ठेवल्या: भाताचे भांडे, फुंकणी, पाट, घडवंचीवरची कळशी, पितळी तांब्या आणि प्लॅस्टिकचा एक मग. निवडताना प्रत्येक वस्तूला विचारावे की तुझ्यामुळे जागा कळते, वेळ कळते, की निघून गेलेले माणूस कळते. यांपैकी एकही कळत नसेल, तर ती कितीही सुबक असली तरी वगळावी. पाटा-वरवंटा मी जड मनाने काढला. त्याने जागा कळत होती, पण ते काम कळशी करतच होती.

प्लॅस्टिकच्या मगाबद्दल अनेकांना आक्षेप असतो. जुन्या घराच्या चित्रात प्लॅस्टिक कशाला, असे ते विचारतात. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. आजच्या कोकणात ज्या घरात चूल पेटते त्या घरात प्लॅस्टिकचा मग, नायलॉनची दोरी आणि भिंतीवरचे कॅलेंडर असतेच, आणि नुसते पितळ-तांबे मांडले की घर राहते राहत नाही, ते दालन होते. फक्त त्या मगाचा लाल रंग दुकानातला ठेवू नये. तोही याच प्रकाशात आहे, म्हणून त्यालाही जांभ्यासारखेच उतरवावे. आणि कॅलेंडर काढले तर त्यावरची अक्षरे वाचता येतील अशी काढू नयेत, कारण वाचता येणारे अक्षर चित्रातल्या कोणत्याही रंगापेक्षा आधी नजर खेचते.

माणूस नसताना माणूस दाखवायचे, ते वस्तूंच्या स्थितीतून. भाताच्या भांड्यावरची ताटली थोडी कललेली काढली, कारण ती वाफेला वाट ठेवण्यासाठी हाताने सरकवली आहे. भांड्याच्या काजळलेल्या पोटावरून उतू गेलेल्या पेजेचा पांढरा ओघळ खाली आला आहे आणि चुलीच्या कडेला पोचण्यापूर्वीच वाळला आहे. या एका ओघळाने जेवढे काम केले तेवढे बाकी कशानेच केले नाही. पाट चुलीला समांतर नसून उठताना मागे सरकल्यासारखा तिरपा आहे. फुंकणी भिंतीला टेकवलेली नसून जमिनीवर आडवी आहे, आणि तिचे चुलीकडचे टोक काळवंडलेले आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर दारापासून आत दोन ओली पावले उमटली आहेत. ओली जागा कोरड्या जागेपेक्षा गडद आणि थोडी जास्त रंगदार दिसते, पण जिथे ती दाराच्या प्रकाशाला तिरपी येते तिथे आकाश परावर्तित होऊन उलट उजळते. म्हणून जवळचे पाऊल गडद काढावे आणि दाराजवळच्या पावलाच्या कडेला पारव्याची एक रेघ द्यावी.

आता पितळी तांब्या जवळून पाहू, कारण धातू काढताना बहुतेकांची गडबड होते. तो दार आणि चूल यांच्या मधोमध ठेवला आहे. पहिल्यांदा संपूर्ण आकार सावलीतल्या पितळेने भरावा: ४५, ३५, ४५. हा रंग पिवळा वाटतच नाही, जुन्या मोहरीसारखा वाटतो, आणि तसाच हवा. मग दाराकडच्या बाजूला पोटाच्या वळणाप्रमाणे वाकलेली एक उभी, उजळ पट्टी काढावी. ती म्हणजे दाराचेच प्रतिबिंब आहे. प्लॅस्टिकवरची किंवा चिनी मातीच्या कपावरची चकाकी प्रकाशाच्या रंगाची असते, पण पितळ आणि तांबे आपल्या परावर्तनाला स्वतःचा रंग चढवतात, म्हणून ही पट्टी शुद्ध पारवी नको. पारव्यात पितळ मिसळून येणारा फिका, किंचित हिरवट रंग हवा. चुलीकडच्या बाजूला, पोटाच्या खालच्या अंगाला, निखाऱ्याची एक अरुंद कोर येते. या दोहोंच्या मध्ये तांब्या जवळपास काजळीइतका काळा होतो, कारण घासलेल्या धातूत अंधारी खोलीच दिसते. उजळापासून गडदापर्यंत हळूहळू छटा उतरवत नेली की तांब्या मातीचा दिसू लागतो. धातूत या सीमा एकदम, धारदार बदलतात, म्हणून येथे मऊ ब्रश बाजूला ठेवावा.

एवढे झाले की त्या तांब्याला आयुष्य द्यावे. पोटावर एक लहान पोचा आला आहे, म्हणून दाराची पट्टी तिथे तुटते आणि दोन-तीन पिक्सेल सरकून पुढे जाते. काठ चिंचेने घासून घासून चकचकीत झाला आहे, पण गळ्याच्या खोबणीत हात पोचत नाही, तिथे हिरवट डाग राहिला आहे. आतल्या बाजूला कल्हई आहे, म्हणजे आत पिवळेपणा नाही, मळकट चांदी आहे. आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव आहे. भांड्यावर नाव घालण्याची ही पद्धत प्रत्येक मराठी वाचकाने घरी पाहिलेली असते. चार पिक्सेलचा ब्रश घेऊन प्रत्येक ठिपका आधी गडद टाकावा आणि त्याच्या चुलीकडच्या कडेला एक उजळ बिंदू द्यावा, म्हणजे तो खोलगट दिसतो. पूर्ण नाव वाचता येऊ देऊ नये. ते तांब्याच्या वळणामागे निघून जाऊ द्यावे. माझ्या चित्रात पहिली दोनच अक्षरे दिसतात.

प्रकाशाचे लेयर आणि धूर

वस्तू आणि भिंती मध्यम उजेडात रंगवून झाल्यावर सगळ्यांच्या वर एक लेयर घेऊन तो मल्टिप्लाय मोडवर (खालचे रंग गडद करणारा मोड) ठेवावा आणि त्यात ओल्या राखेचा रंग पूर्ण भरावा. सगळी खोली एकदम सावलीत जाते. मग त्या लेयरला मास्क लावून, जिथे दाराचा प्रकाश पोचतो तिथे मास्कवर मोठ्या, मऊ ब्रशने खोडावे. ही पद्धत सोयीची आहे, कारण प्रकाश आपण खोलीत आणून सोडतो आहोत असे हाताला जाणवते. पण सावलीसाठी शुद्ध काळा वापरू नये. त्याने सगळ्या वस्तूंमधला फरक एकाच वेळी मरतो.

चुलीचा प्रकाश वेगळ्या लेयरवर, स्क्रीन किंवा सॉफ्ट लाइट या उजळवणाऱ्या मोडमध्ये द्यावा. कलर डॉज हा खालचा रंग एकदम झगझगीत करणारा मोड फार मोहक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. मी तो फक्त निखाऱ्यांच्या गाभ्यावर, वीस-तीस ठिकाणी, एकेका टिंबापुरता वापरते. पाटाच्या आणि भांड्याच्या चुलीकडे तोंड असलेल्या कडांवर तांबूस कोर द्यावी. ज्या कडांना चूल दिसत नाही त्यांना ती देऊ नये. हे तपासण्यासाठी चुलीच्या मध्यावरून प्रत्येक वस्तूपर्यंत एका वेगळ्या लेयरवर सरळ रेघा ओढाव्यात. काम झाल्यावर तो लेयर बंद करावा.

धुराबद्दल मात्र मन लावून सांगते, कारण पावसात ओल्या लाकडांचा धूर नाही असे स्वयंपाकघर मी पाहिलेले नाही. लाकडाचा पातळ धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो आणि उजळ आकाशापुढे तोच पिवळट-तपकिरी दिसतो. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे बाजूने आलेला प्रकाश निळा भासतो आणि आरपार येणारा प्रकाश निळा भाग गमावून तांबूस होतो. म्हणून चुलीवरून उठणारी धुराची लड काजळीपुढे निळसर ठेवावी, ती दाराच्या चौकटीपुढून जाताना पिवळट करावी, आणि ज्या ठिकाणी हा बदल होतो तिथे ती क्षणभर नाहीशी होऊ द्यावी. भाताची वाफ वेगळी: तिचे थेंब मोठे असतात, त्यामुळे ती पांढरीच राहते, आणि भांड्यापासून वीतभर वर गेली की विरते. वाफ आणि धूर एकाच ब्रशने, एकाच रंगाने काढले तर दोन्ही खोटे दिसतात.

छपरात कौलांमध्ये एखादे काचेचे कौल बसवलेले असते. दुपारी त्यातून उन्हाचा झोत धुरात उतरतो आणि तो काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपल्या वाक्यात पावणेसात वाजले आहेत आणि पाऊस आहे, म्हणून या चित्रात झोत नाही. वाश्यांच्या अंधारात एक फिका, पारवा चौकोन आहे, बस.

दुसऱ्या घटका

हीच पद्धत दुसरीकडे नेताना वाक्य बदलावे, म्हणजे रंग आपोआप बदलतात. विदर्भातली मे महिन्यातली दुपार घेतली तर खिडक्या बंद असतात, कूलरला वाळ्याचे ताटे असतात, आणि दाराच्या फटीतून आत आलेले ऊन जमिनीवर आपटून वर उडते. तेव्हा वस्तू खालून उजळतात आणि छताचा खालचा भाग भिंतीपेक्षा उबदार होतो. गिरगावातल्या चाळीतली रात्र घेतली तर ६५०० केल्विनची ट्यूबलाइट सगळीकडे सारखा, सपाट प्रकाश टाकते. तिथे वातावरण प्रकाशातून कमी आणि वस्तूंच्या दाटीतून जास्त येते, म्हणून तिथे सहा वस्तूंचा नियम मी सोडून देते आणि फळीवरचे डबे एकमेकांना खेटून काढते.

छपाईला पाठवताना

चित्र पूर्ण झाले असे वाटले की आधी ते आडवे उलटवून पाहावे, मग करड्या छटांत पाहावे, मग टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. या तीन तपासण्यांना मिळून पाच मिनिटे लागतात.

स्क्रीनचा उजेड आणि कागद यांच्यातला फरक मला एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाने शिकवला. मी रात्री, अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण चढवून काम केले होते. सावलीतले सगळे बारकावे मला दिसत होते. छापून आलेल्या अंकात त्या जागी एक काळा डाग होता आणि त्यात माझी चूल बुडाली होती. चूक छापखान्याची नव्हती. तेव्हापासून काम करताना स्क्रीनशेजारी एक पांढरा कागद दिव्याच्या उजेडात ठेवते आणि स्क्रीनवरचा पांढरा रंग त्या कागदाइतकाच उजळ दिसेल इतका ब्राइटनेस कमी करते.

याशिवाय स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून) रंग दाखवते आणि छपाई सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईतून) होते. छपाईच्या शाईला स्क्रीनवरचा पेटता नारिंगी साधत नाही, तो थोडा विटतो. म्हणून छापखान्याकडून त्यांचे कलर प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून घ्यावे आणि सॉफ्ट प्रूफिंग (छापील रंगाचा अंदाज स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करून चित्र पाहावे. ही सोय क्रितात आणि फोटोशॉपमध्ये आहे. निखारा विटलेला दिसला, तर त्याचे सॅच्युरेशन वाढवून काही मिळत नाही, कारण शाईची मर्यादा आधीच गाठलेली असते. त्याऐवजी त्याच्या भोवतीची काजळी आणि भिंत सॅच्युरेशनमध्ये दोन-तीन अंकांनी उतरवावी. खडबडीत, बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या आणखी गडद होतात, म्हणून तशा कागदासाठी वेगळी प्रत करावी आणि त्या प्रतीत काजळीचा ब्राइटनेस १४ वरून २० वर, भिंतीचा ३० वरून ३६ वर न्यावा. शेवटी चुलीचा आणि तांब्याचा तेवढा तुकडा कापून त्याच कागदावर खऱ्या आकारात छापून घ्यावा, दिवसा खिडकीशी नेऊन पाहावा, आणि भांड्यावरचा पेजेचा ओघळ हातभर अंतरावरून दिसत असेल तरच फाइल पाठवावी.